जीआर यारिसला तीनच सिलिंडर का? बाबांना काय सांगू?

नागोयाचा_सांगलीकर

नमस्कार मंडळी,

नागोयाला येऊन सहा वर्षं झाली. आजवर सायकल आणि भुयारी रेल्वेवर भागलं. आता एक सेकंडहँड टोयोटा जीआर यारिस (छोट्या यारिसची जोमदार, स्पोर्टी बहीण) डोळ्यांत भरली आहे. २०२१ ची, पांढरी, मॅन्युअल गिअरची. शनिवारी चालवून आलो. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि शेजारी बसलेला सेल्समन हसायला लागला. माझं तोंड बघून हसला असणार.

अडचण बाबांची आहे. सांगलीत त्यांचं पंचवीस वर्षं गॅरेज होतं. व्हिडिओ कॉलवर बॉनेट उघडून दाखवलं. पहिला प्रश्न, "किती सिलिंडर?" म्हटलं तीन. जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एवढे पैसे मोजून मारुती एट हंड्रेडचं तीन सिलिंडरी इंजिन घेतोस होय?"

मी म्हटलं, टॅक्स वाचवायला केलं असेल. नंतर शोधलं तर तेही नाही. इथे १५०० ते २००० सीसीचा एकच गट आहे, वर्षाला ३६,००० येन. गाडी १६१८ सीसीची, म्हणजे दोन लिटरचं चार सिलिंडर टाकलं असतं तरी टॅक्स तेवढाच. मग २७२ पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) गाडीत एक सिलिंडर कमी करून कंपनीने काय मिळवलं? स्वस्तात उरकलं का? आणि तीन सिलिंडरवर एवढा भार टिकेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. बाबा रोज विचारतायत.

निवृत्त_टेस्टबेड

अरे, आधी तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. प्रश्न बरोबर जागी मारलाय त्यांनी. गॅरेजवाला माणूस आधी सिलिंडरच मोजणार.

मी पिंपरीत ३१ वर्षं इंजिनच्या टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन बांधून चालवून तपासतात तिथे, काढली. जाड काच, पलीकडे इंजिन, अलीकडे आम्ही आणि आमचा चहा. कप काचेच्या कठड्यावर ठेवायचो. चार सिलिंडर चालू असलं की चहावर बारीक, घट्ट तरंग उठायचे. तीन सिलिंडर लावलं की तरंग कमी, पण चहा कपात या कडेकडून त्या कडेला सरकायचा. तीन पिस्टनची वर-खाली ओढ एकमेकांना खाऊन टाकते, पण इंजिनचं पुढचं टोक उचललं जाताना मागचं दबतं. पाळण्यासारखं. म्हणून बॅलन्सर शाफ्ट घालतात. चार सिलिंडरला हे झुलणं नाही, पण आरपीएमच्या दुप्पट वेगाची बारीक थरथर असते. दोघांचीही दुखणी आहेत, फक्त वेगळी.

आता एट हंड्रेड. तिचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२ मिलिमीटर, एक सिलिंडर २६५ सीसीचा. यारिसच्या इंजिनाचा बोअर ८७.५, स्ट्रोक ८९.७. कॅल्क्युलेटर घे आणि कर, एक सिलिंडर ५३९ सीसी येतो. म्हणजे यारिसच्या एका सिलिंडरमध्ये एट हंड्रेडचे दोन सिलिंडर ओतले तरी वर जागा उरते. कार्ब्युरेटरवाल्या एट हंड्रेडची सगळी ताकद ३७ हॉर्सपॉवर, हिच्या एकेका सिलिंडरवर नव्वद पीएस. बाबांना हे सांगितलंस तर निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं खरं मजेचं आहे, आणि ते एक्झॉस्टमध्ये आहे.

चार सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्ट दर १८० अंश, म्हणजे अर्धा फेरा, फिरला की एक सिलिंडर फायर होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र साधारण २४० अंश उघडा राहतो. म्हणजे पहिल्याचा धूर अजून बाहेर पडतोय, त्याचा शेवटचा भाग उंबऱ्यात आहे, तोच दुसऱ्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि तापलेला, दाबातला गॅस मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक धुराच्या नळीत, घुसतो. तो पहिल्याला मागे रेटतो. जळका गॅस सिलिंडरमध्ये राहिला की नॉकिंग (पेट्रोल आपोआप भडकून बसणारे ठोके) वाढतं, मग इग्निशन मागे घ्यावं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडावी लागते, पॉवर जाते. यावर तोड म्हणून ट्विन स्क्रोल टर्बो वापरतात. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, ट्विन स्क्रोल म्हणजे त्याला धुराच्या दोन वाटा. एक आणि चारचा धूर एका गल्लीतून, दोन आणि तीनचा दुसरीतून. चालतं छान, पण मध्ये भिंत आली. ती भिंत सतत लालबुंद गॅसमध्ये. तडे गेलेल्या अशा भिंती मी हातात घेऊन पाहिल्या आहेत.

तीन सिलिंडर २४० अंशांनी फायर होतात. एकाचं उरकतं तेव्हा दुसऱ्याचं उघडतं. कोणी कोणाच्या पाठीवर पडत नाही. भिंत नको, दोन गल्ल्या नकोत. साधा एका गल्लीचा टर्बो लावा, प्रत्येक ठोका पूर्णच्या पूर्ण टर्बाइनवर बसतो. त्यात टोयोटाने टर्बोचा शाफ्ट बॉल बेअरिंगवर घेतलाय, त्यामुळे पाय दाबला की तो चटकन फिरतो. तुझ्या २०२१ च्या गाडीला ३००० पासून ४६०० आरपीएमपर्यंत ३७० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) सपाट मिळतो तो उगाच नाही. सेल्समन हसला तो याच पट्ट्यात.

स्वस्ताईचं म्हणशील तर पोकळ कॅमशाफ्ट, मोठे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, पिस्टनच्या पोटावर ऑइलचे फवारे, मशीनवर घासलेले इनटेक पोर्ट, पेट्रोलला थेट सिलिंडरमध्ये एक इंजेक्टर आणि पोर्टमध्ये दुसरा. ज्याला पैसे वाचवायचे तो असलं काही करत नाही.

बेळगावी_कुंदा

काका, साष्टांग. वाचनखूण साठवली. चहाच्या कपावरून सिलिंडर ओळखणारा माणूस पहिल्यांदा भेटला.

एक भर घालतो. १६१८ हा आकडा बघा. रॅली टू या रॅली गाड्यांच्या गटाच्या नियमात टर्बो इंजिनाची मर्यादा १६२० सीसी. दोन सीसी सोडून अगदी काठोकाठ भरलंय. त्यातच ३२ मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवा तेवढ्याच नाकपुडीतून. वरच्या आरपीएमला फार काही हाती लागत नाही, मधल्या पट्ट्यातला टॉर्कच कामाचा. गाडी आधी रॅलीसाठी बेतली, मग रस्त्यावर आणली. जागतिक स्पर्धेत २०२४ च्या माँटे कार्लो रॅलीपासून जीआर यारिस रॅली टू धावतेय ती याच तीन सिलिंडरवर.

स्टुटगार्टहून_आबा

सगळे एका सुरात गातायत म्हणून मुद्दाम बेसूर लावतो.

तीन सिलिंडर एवढे गुणाचे, तर टोयोटाच्या सगळ्यात वरच्या रॅली वन गाडीत १६०० सीसीचं चार सिलिंडर का? नाव जीआर यारिसच, इंजिन वेगळं. जानेवारी २०२५ मध्ये टोकियो ऑटो सलून या गाड्यांच्या प्रदर्शनात त्यांनी जीआर यारिस एम कन्सेप्ट दाखवली. इंजिन मागे, आणि ते दोन लिटर चार सिलिंडर, जी२०ई नावाचं. आमच्या शेजारच्या मर्सिडीज एएमजीचं १९९१ सीसीचं एम१३९ इंजिन घ्या. चार सिलिंडर, ट्विन स्क्रोल, ४२१ पीएस. काका म्हणतात ती भिंत त्यातही आहे.

आवाजाचं तर बोलायलाच नको. यारिसमध्ये आत जो आवाज येतो त्यात स्पीकरमधून सोडलेलाही असतो. लग्नात बँडऐवजी रेकॉर्ड लावल्यासारखं.

निवृत्त_टेस्टबेड

आबासाहेब, दुमत नाही. स्पीकरचा आवाज मलाही पटत नाही.

चारशे पीएसच्या पुढे जायचं तर तीन सिलिंडरवर एकेकाला १३३ च्या वर न्यावं लागेल. पिस्टनचा माथा तापतो, रॉडवर दाब चढतो, मग काम चौघांत वाटून घेणं शहाणपणाचं. दोन लिटर तिघांत वाटायचं तर एकेक भांडं ६६७ सीसीचं होतं. बोअर मोठा झाला की ज्योत कडेपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि नॉकिंग दारात उभं. १६०० सीसीला मात्र उलटं गणित. चार केले तर भांडी ४०० सीसीची, पृष्ठभाग जास्त, उष्णता भिंतींतून जास्त वाया. म्हणून मी तीन चांगले की चार असं म्हणतच नाही. १६२० च्या आत, मधल्या पट्ट्यात, हलक्या गाडीत काय बसतं एवढंच बोलतोय. ही १२८० किलोची आहे.

आणि धागाकर्त्या, टिकण्याबद्दल. याच १६१८ सीसीतून जानेवारी २०२४ च्या नव्या यारिसमध्ये त्यांनी ३०४ पीएस आणि ४०० न्यूटन मीटर काढले. २०२१ ला फुजीच्या २४ तासांच्या रेसमध्ये याच घराण्याचं इंजिन कोरोलात बसवून हायड्रोजनवर पळवलं. इंजिनात ताकद राखीव असल्याशिवाय कोणी असले प्रयोग करत नाही. तरी सेकंडहँड घेताना इंजिन थंड असताना जा. डीलरने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत फीर.

हमामात्सुची_मीनल

सिलिंडरचं झालं असेल तर रोजच्या कामाचं सांगते. पंपावर हाइओकु, म्हणजे हाय ऑक्टेन पेट्रोलच भरायचं, रेग्युलर नाही. त्या खर्चाचा हिशोब आधीच धरा. शाकेनची (गाडीच्या सक्तीच्या सरकारी तपासणीची) मुदत किती उरलीय ते कागदावर बघा, नाहीतर घेतल्या घेतल्या तपासणीचा खर्च. आणि पार्किंग! घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा दाखवून पोलिसांकडून दाखला घेतल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. आमच्याकडे गाडी आधी ठरली आणि जागेसाठी पाच आठवडे वणवण केली.

नागोयाचा_सांगलीकर

सगळ्यांचे आभार, काकांचे विशेष.

रविवारी सकाळी डीलर उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. बॉनेटवर हात ठेवला, गार. बाबांना कॉल लावला आणि मगच स्टार्टर मारायला सांगितलं. पहिली वीस-तीस सेकंद घरघरली, मग खाली बसली. बाबा म्हणाले, फोन सायलेन्सरजवळ ने. नेला. मग म्हणाले, आता टॅपेटकडे. मग डिपस्टिक पुसून दाखवायला लावली. सेल्समनला वाटलं मी कुठल्यातरी मोठ्या तज्ज्ञाला फोन लावलाय. मी कशाला नाही म्हणतोय.

सर्व्हिस बुकात दर ५००० किलोमीटरला ऑइल बदलल्याचे शिक्के आहेत. एकेक वाचून दाखवला. मग काकांचा हिशोब सांगितला, एका सिलिंडरमध्ये एट हंड्रेडचे दोन. बाबांनी तिकडे कागदावर आकडेमोड केली, मला पेनचा आवाज येत होता. "पाचशे एकोणचाळीसच येतंय," म्हणाले. "घे."

मीनलताई, जागा मिळाली, घरापासून ४०० मीटरवर. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय. बाबांचा आता नवा प्रश्न आहे, तिथे वर छप्पर आहे का. नाहीये. अजून सांगितलेलं नाही.