ब्लॉक मोठा केला की गर्दी सुटते का?

खानापूर_रोड:
बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, साधारण १० मिनिटांनी येतो. १ एमबीचा ब्लॉक, २५० बाइटचा व्यवहार धरला तर सेकंदाला सातसुद्धा बसत नाहीत. मर्यादा सरळ ३२ एमबी करायला काय हरकत? बिटकॉइनमधून फुटलेल्या बिटकॉइन कॅशनं २०१८ मध्ये केलीच की. प्रूनिंग, म्हणजे जुने ब्लॉक पुसणं, लावलं तर डिस्कचंही रडगाणं नको.

दुसरं_गेट_टिळकवाडी:
१ एमबीचा हिशेब जुना झाला बघा. ऑगस्ट २०१७ मध्ये सेगविट, म्हणजे सह्या वेगळ्या मोजणारा बदल, आलं, तेव्हापासून मर्यादा ४० लाख वेट युनिटची. सहीचा बाइट १ युनिट, बाकीचे ४.

३२ एमबीचे ब्लॉक भरून आले तर रोजचे १४४ धरून ४.६ जीबी, वर्षाला १.७ टीबीच्या आसपास. प्रूनिंगनं जुने ब्लॉक पुसता येतात, पण आधी ते उतरवून तपासावे लागतातच. आणि न खर्चलेल्या आउटपुटांची (आधीच्या व्यवहारांतून मिळालेल्या रकमांची) यादी पुसता येत नाही. ती रॅममध्ये मावेनाशी झाली की नोड, म्हणजे व्यवहार तपासणारा संगणक, डिस्कवर घासत बसतो. एसएसडी नसेल तर संपलंच. मेख इथं आहे.

शिवाय रस्ता रुंद केला तरी गेट दहा मिनिटांनीच उघडणार.

निपाणीकर:
ही भीती जरा फुगवलेली आहे. कॉम्पॅक्ट ब्लॉकमध्ये नोडकडं आधीच असलेले व्यवहार परत पाठवावे लागत नाहीत. २ एमबीनं आभाळ कोसळलं नसतं. अडलं ते हार्ड फोर्कवर: जुने नोड मोठा ब्लॉक नाकारतात, साखळी दुभंगते. पुरेसं एकमत नाही म्हणूनच नोव्हेंबर २०१७ मध्ये सेगविट२एक्स हा २ एमबीचा बेत मागं घेतला.

खानापूर_रोड:
बरं. मग दुकानात लाइटनिंग, म्हणजे साखळीबाहेर दोघांमधल्या चॅनलवरून लगेच पैसे देण्याची सोय, लावलं तर? आणि कमी फीत अडकलेला व्यवहार कसा सोडवायचा?

दुसरं_गेट_टिळकवाडी:
स्वतः चॅनल उघडलं की शिल्लक सगळी तुमच्या बाजूला, त्यामुळं गिऱ्हाइकाचे पैसे येतच नाहीत. आधी थोडे खर्च करा, नाहीतर समोरच्याकडून तुमच्याकडं चॅनल उघडून घ्या.

अडकलेला व्यवहार तुम्हीच पाठवलेला असेल तर आरबीएफ, म्हणजे जुन्याच्या जागी नवा व्यवहार: तोच इनपुट, जास्त फी. तुम्हाला येणारा असेल तर तोच आउटपुट पुढं खर्चून पोराच्या (नव्या व्यवहाराच्या) फीत बापाचीही (अडकलेल्याची) भरायची. बाप १४१ व्हीबाइट (वेट युनिट भागिले ४), दर व्हीबाइटला २ सॅट (बिटकॉइनचा सर्वात लहान भाग), म्हणजे २८२ सॅट भरलेत. पोर ११० व्हीबाइट. दोघांचा मिळून दर २० हवा तर २५१ गुणिले २०, म्हणजे ५,०२०. त्यातून २८२ वजा. पोराला ४,७३८ सॅट लावा. नुसते ११० गुणिले २० लावले तर सरासरी १० च्या खालीच राहते आणि दोघंही अडकून बसतात.