मदत हवी आहे: ड्रममधले डेलियाचे कंद सडले
नमस्कार मंडळी. आर्वीजवळ खेड्यात राहतो. 200 लिटरचे दोन निळे ड्रम मधोमध कापून गच्चीवर चार कुंड्या केल्या. वावरातली काळी माती अन् शेणखत भरून दसऱ्यानंतर डेलियाचे कंद लावले. कोंब वीतभर झाले अन् माना टाकल्या. उकरून पाहिलं तर कंद पिचपिचीत, आंबूस वास. बुडाला भोकं आहेत, पण ड्रम स्लॅबवर सपाट बसल्यानं बुजली असावीत. त्यात सकाळी मी अन् संध्याकाळी बायको, दोघंही पाणी टाकत होतो, हे नंतर कळलं! दोन कंद अजून टणक आहेत. आता लावले तर उन्हाळ्याआधी फुलतील का? काळ्या मातीत वाळू किती मिसळावी? ड्रमखाली विटा ठेवल्या तर भागेल का?