जुनी अर्टिगा डिझेल : कोणत्या सालाची घ्यावी?

नमस्कार मंडळी,
मंडळाचा विषय नाही तरी विचारतो, गाडीतलं कळणारे इथंच जास्त आहेत. अंबाजोगाईला आई-बाबांसाठी जुनी अर्टिगा बघायलोय, बाबा डिझेलवरच अडून बसलेत. भावानं दोन गाड्यांचे फोटो पाठवले, दोन्ही २०१९ च्या, दोन्ही पांढऱ्या, एक लातूर पासिंग, एमएच-२४, आणि दुसरी पुण्याची, अन् किमतीत चांगलाच फरक. एजंट म्हणायलाय पुण्याच्या गाडीचं इंजिनच वेगळंय. एकाच सालात, एकाच मॉडेलला दोन इंजिनं कशी असतील? का गंडवायलाय?
— अंबाजोगाईकर, सध्या डॅलस

भाऊ,
एजंट खरं बोलायलाय, असं रोज होत नाही.

अर्टिगा २०१२ ला आली तेव्हापासून डिझेलला १२४८ सीसीचं इंजिन होतं, मूळ फियाटचं मल्टिजेट. तेच स्विफ्ट-डिझायरला. पण स्विफ्टला साधा टर्बो, ताकद ७५ पीएस, आणि अर्टिगाला व्हेरिएबल जॉमेट्रीवाला, म्हणजे आतली पाती हलणारा, ९० पीएस. म्हणून मिस्त्री "स्विफ्टचं सगळं बसतंय" म्हणला की अर्धंच खरं धरा, टर्बो तर नाहीच बसत. २०१५ च्या फेसलिफ्टला एसएचव्हीएस आलं, म्हणजे अल्टरनेटरच्या जागी मोटरचंही काम करणारा जनरेटर, तेव्हा २०१३ च्या गाडीचा अल्टरनेटर २०१६ वाल्याला लावता येत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात बॉडी नवी आली, डिझेल तेच राहिलं. अन् मग २०१९ मध्ये सुझुकीनं स्वतःचं १४९८ सीसीचं काढलं, ताकद ९५ पीएस, ओढ (टॉर्क) २२५ एनएम. १ एप्रिल २०२० ला बीएस-६, म्हणजे धुराचा कडक नियम, लागू झाला आणि मारुतीनं डिझेलच बंद केलं, म्हणजे हे नवं इंजिन वर्षभरच काय ते विकलं गेलं.

आरसीवर सीसीचा रकाना असतो तो बघा, वाद मिटला. गिअरवरूनही कळतं, १२४८ ला पाच, १४९८ ला सहा. पण गिअरची मूठ बदलता येते, आरसी आधी.

चालवायला १४९८ भारी, घाटात गाडी भरलेली असली तर लगेच जाणवतं. तरी अंबाजोगाईला मी १२४८ च घेईन, कारण ते खोललेलं नाही असा मिस्त्री जिल्ह्यात सापडणार नाही अन् पार्टही कुठंही मिळतात.

त्याच्यात एकच नीट बघायचं, चेन. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणून लोक तिकडं बघतच नाहीत. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, ऑइल बदलायला टाळाटाळ केली की चेन सैल पडत जाते अन् सकाळी पहिल्या स्टार्टला पुढून खळखळ येते. एक-दोन सेकंदात थांबली तर ठीक, चालूच राहिली तर तिथूनच परत फिरायचं. इंजिन गरम असलं की हा आवाज दबतो, म्हणून भावाला सांगा, चावी घ्यायच्या आधी बॉनेटवर हात ठेव.
— परभणीवाला

दादा, सगळं बरोबर पण पाण्याचं राहिलं. आमच्या पप्पांचं गॅरेज होतं लातूरला. आपल्याकडं कूलंट कमी झालं की ड्रायव्हर बोअरचंच पाणी ओततात, आणि आपलं पाणी किती जड ते काय सांगायचं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा रेडिएटरला डिस्टिल्ड वॉटर कोण बघतंय! इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप काढून आत बोट फिरवा. पांढरी खपली लागली तर साल कुठलंही असो, ती गाडी नको.

आणि दुसरं, काका गाडी चालवणार किती? योगेश्वरीला जाऊन यायचं, बाजार, कधीतरी लातूरला दवाखाना, एवढंच असंल तर डिझेलच कशाला? इंजिन धड तापतही नाही, धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआरमध्ये काजळी साचते, आणि त्या व्हेरिएबल टर्बोची पातीसुद्धा अडकायला लागतात. २०१८ नंतरचं १४६२ सीसी पेट्रोल बघा की.
— लातूरची लेक

ताई, पेट्रोलचं बाबांना सांगून बघितलं. "तू तिथं बसून मला ॲव्हरेज शिकवू नको" म्हणले.

भाऊ आज गेलता. पुण्याच्या गाडीला सहा गिअर, आरसीवर १४९८. लातूरवालीच्या आरसीवर १२४८, पण सकाळी आठला बॉनेट गरम! एजंट म्हणे आत्ताच धुऊन आणली. उद्या सहालाच जा म्हणलंय, न सांगता.
— अंबाजोगाईकर

जाऊ द्या. आणि सर्व्हिसची बिलं मागा, ऑइल कितव्या किलोमीटरला बदललं ते त्याच्यावर असतंय. नुसता शिक्का मारलेलं पुस्तक दाखवलं तर त्यावर जाऊ नका. चासी नंबरचाही फोटो घ्या, पुढं पार्ट मागवताना काउंटरवर साल नाही विचारत, तोच विचारतात.
— परभणीवाला