७५ टक्के झाले म्हणजे एक्सपान्शन जमलं, असं नसतं भाऊ

धरमपेठ_पायलट: एलिट डेंजरस या अंतराळातल्या ऑनलाइन गेमबद्दल काल इथं एकानं लिहिलं, "एलिट डेंजरसमध्ये फॅक्शन (आपण पाठिंबा देतो तो गट) वाढवणं सोपं आहे. मिशन मारा, ताऱ्याच्या एका सिस्टिममध्ये फॅक्शनचा प्रभाव ७५ टक्के गाठा, एक्सपान्शन (जवळच्या नव्या सिस्टिममध्ये शिरकाव) आपोआप. हरणारे सोलोवाल्यांच्या (इतरांना न दिसता एकटं खेळणाऱ्यांच्या) नावानं रडतात." वाचून डोकंच फिरलं. ७५ गाठणं हाच सोपा भाग आहे! आम्ही चौघांनी दोन महिने खपून ७८ वर नेलं. एक्सपान्शन संपलं तशी घरच्या सिस्टिममधून १५ टक्क्यांच्या आसपास कापणी झाली. नवी सिस्टिम मिळाली ती अब्जावधी लोकसंख्येची. घरी पाच मिशनांत आकडा उडी घ्यायचा. तिथं डेटा विका, बाउंट्या (गुन्हेगार मारल्याची बक्षिसं) जमा करा, हलतच नव्हता. शेवटी अडीच टक्क्यांखाली गेलो आणि रिट्रीट, म्हणजे त्या सिस्टिममधून बाहेर. कोण रडलं सांगा?

गोधनी_७: ते वाक्य माझंच. नवी सिस्टिम कोणती मिळणार ते गेम ठरवतो, मान्य. पण उडी कोणत्या सिस्टिममधून मारायची, हे तर तुमच्या हातात होतं ना? २० प्रकाशवर्षांत कुठं सातपेक्षा कमी फॅक्शन आहेत, ते आधी पाहायचं. नकाशा न उघडता निघाले आणि दोष गेमला.

महाल_कमांडर: नकाशा राहू द्या, सोलोचं बोला. आमच्या युद्धात तीन-तीन दिवसांची बरोबरी होती. शेवटच्या रात्री आम्ही तिघं ओपनमध्ये (खेळाडू एकमेकांना दिसतात त्या मोडमध्ये) पहारा देऊन राहिलो, समोर एक जहाज नाही. स्टेशनचा ट्रॅफिक रिपोर्ट उघडला तर २४ तासांत ४१ जहाजं! टिक (गेमचा रोजचा हिशोब) झाली, आम्ही हरलो. जो दिसतच नाही त्याच्याशी लढायचं कसं?

मिहान_रात्रपाळी: मी सोलोच खेळतो. पहाटे घरी येतो, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. ओपनमध्ये गेलो तरी इन्स्टन्स (त्याच जागेची गेमनं केलेली प्रत) वेगळा पडला की तुम्हाला दिसणार नाहीच. सोलो, प्रायव्हेट ग्रुप, ओपन या तिन्ही मोडची गॅलेक्सी एकच आहे, हे २०१४ पासून सगळ्यांना माहीत आहे. मग मी चोर काहून?

महाल_कमांडर: चोर कोण म्हणालं बे? मी म्हणतो, युद्धापुरता तरी ओपनच्या कामाला जास्त भाव द्या.

मिहान_रात्रपाळी: म्हणजे माझ्या तासाची किंमत तुमच्यापेक्षा कमी! मी एकट्यानं एक फॅक्शन सहा महिने जिवंत ठेवली आहे. मे महिन्यात कूलरसमोर बसून लढत होतो, कॉन्फ्लिक्ट झोनचा (युद्धातल्या लढाईच्या जागेचा) बार भरत आला आणि लाइन गेली. तो दिवस गेला, पुढचे दोनही गेले. तेव्हा मी कुणावर खापर फोडलं?

धरमपेठ_पायलट: अरे, धागा एक्सपान्शनचा आहे! गोधनी, उडी चुकीच्या सिस्टिममधून मारली हे कबूल. लोकसंख्याही आधी पाहायला हवी होती. पण दोन महिने राबलेल्या माणसाला "रडतात" म्हणायचं नाही.

गोधनी_७: तेवढा शब्द मागे घेतो. बाकी एकही नाही. आता ६३ वर असाल, तर तुमच्या पश्चिमेला एक छोटी सिस्टिम आहे, पाचच फॅक्शनची. आधी तिच्या जवळची एखादी सिस्टिम ७५ वर न्या.

महाल_कमांडर: आणि माझ्या ४१ जहाजांचं उत्तर कोण देणार?