विषय: लेकीला कॉलेजात सेवेचे तास भरायचेत, गोव्यातली मंडळी जरा सांगा ना

प्रेषक: मस्कतची ताई

नमस्कार मंडळी,

चवथीच्या वर्गणीचा मेल सोडला तर मी या लिस्टवर गप्पच असते, पण आज काम पडलंय. धाकटी यंदा गोव्यात शिकायला गेलीय, बार्देशात माझ्या आईकडे राहते, कॉलेज कॅथलिक आहे. पहिल्याच आठवड्यात हातात कागद दिला की एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), एनसीसी नाहीतर कॉलेजचं आउटरीच, यातलं काहीतरी घ्या आणि शुक्रवारपर्यंत नाव द्या. तिने त्याचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, आई तू ठरव. म्हणजे बघा, सेवा ती करणार आणि ठरवायचं मी.

प्रश्न असे की एनएसएस घेतलं तर अभ्यासाचं काय, मुलीच्या जातीला संध्याकाळी उशीर होतो का, आणि तिथे प्रार्थना वगैरे सक्तीची असते का (हा सासूबाईंचा प्रश्न आहे, माझा नाही, मी स्वतः नन्सच्या शाळेत शिकले). कोणाची मुलं यातून गेली असतील तर मोकळेपणी लिहा.

---

प्रेषक: पर्वरीकर

ताई, मी स्वतः गेलोय यातून, बारा-तेरा वर्षं झाली. प्रार्थनेचं सासूबाईंना सांगा की काळजी नको, सकाळी असेंब्लीला एखादी प्रार्थना होते, उभं राहायचं, बास. आमच्या युनिटात निम्म्याच्या वर हिंदू होते आणि कॅम्पला डाळ-भात ढवळायला फादर स्वतः उभे राहायचे.

एनएसएसचा हिशोब सोपा आहे, वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०, आणि सात दिवसांचा एक निवासी कॅम्प, तो बहुतेक कॉलेजने दत्तक घेतलेल्या गावात असतो. अभ्यास बुडत नाही, बुडवायचाच असला तर एनएसएस लागत नाही.

फक्त एक सांगतो, बीच क्लीनिंगला भुलू नका. आमच्या वेळी एका संस्थेने (नाव नको) आम्हा साठ पोरांना पावसात किनाऱ्यावर नेलं, जुलै महिना, दर्या सगळा कचरा परत आणून टाकत होता, बिअरच्या फुटक्या बाटल्या, जाळ्यांचे तुकडे, एकेक चप्पल, जोडी कधीच नाही. ग्लोव्ह्ज वीस जणांना पुरले. तीन तासांत पिशव्या भरल्या, बॅनर धरून फोटो झाले, सामोसे झाले, आणि पिशव्या उचलायला गाडी कोण आणणार हे कोणी ठरवलंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम स्कूटरवरून बघायला गेलो तर कुत्र्यांनी सगळ्या पिशव्या फाडून कचरा जिथल्या तिथे पसरलेला. तास मात्र सगळ्यांना चार-चार मिळाले.

---

प्रेषक: टोरोंटोवाला दादा

पर्वरीकर, तुझा मेल वाचून हसलो, पण खरं सांगू का, सगळीकडे हेच आहे. इथे ओंटारियोत हायस्कूल पास व्हायला ४० तास कम्युनिटी सर्व्हिस लागते, माझ्या पोराने त्यातले अर्धे मंडळाच्या दिवाळीत खुर्च्या लावून काढले आणि सही मीच केली 😄 सक्तीची सेवा ही सेवाच नव्हे असं माझं मत. ताई, जे सोपं असेल ते घ्या आणि पोरीला अभ्यास करू द्या.

---

प्रेषक: म्हापशाचे मास्तर

दादा, तुमचं मत वाचलं. मी बरीच वर्षं एका कॅथलिक कॉलेजात एनएसएसचा प्रोग्रॅम ऑफिसर होतो, आता निवृत्त. म्हणून जरा लांब लिहितो, माफ करा.

सक्ती म्हणाल तर एनएसएस मुळात ऐच्छिकच. २४ सप्टेंबर १९६९ ला गांधीजींच्या जन्मशताब्दीत ३७ विद्यापीठांत सुरू झालं, बोधवाक्य नॉट मी बट यू, आणि पोरं पहिल्या महिन्यात त्याचं नॉट मी, बट यू गो करतात, म्हणजे मी नाही, तू जा. दरवर्षी तोच विनोद, दरवर्षी हसायचं.

कॅथलिक कॉलेजात याच्या जोडीला त्यांचा स्वतःचा एक धागा असतो, तो बाहेरच्यांना माहीत नसतो. इथल्या बऱ्याच चर्चमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे, गरिबांच्या घरी जाऊन विचारपूस करणारी. ती १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन सुरू केली, वय वर्षं २०. म्हणजे आपल्या एसवायच्या पोराएवढा. त्यांची पद्धत अशी की वस्तू वाटून परत यायचं नाही, त्याच घरी पुन्हा पुन्हा जायचं. मला ती फार पटली आणि मी आमच्या युनिटात तीच चालवली.

आता ताईंच्या मुलीचं. रक्तदान शिबिराला ती जाईलच, बांबोळीच्या गोमेकॉचे (गोवा मेडिकल कॉलेजचे) लोक कॉलेजात येतात. त्याआधी तिला नीट जेवायला सांगा. वय १८, वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ लागतं, आणि दर शिबिराला कितीतरी मुली त्या १२.५ वर अडकून रडवेल्या परत येतात. खरं तर तिथेच त्यांना पहिल्यांदा कळतं की आपल्याला रक्त कमी आहे, तेव्हा तोही उपयोगच.

मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवं अंडी घालतात, ऑलिव्ह रिडले, पोरांना त्याचं फार आकर्षण. पण ते काम वनखात्याचं आहे, हे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं जनावर, आपण जाऊन हात लावायचा नाही, मोबाइलचा टॉर्च तर अजिबात नाही, पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि समुद्राऐवजी किनाऱ्यावरच्या शॅककडे, म्हणजे खाण्यापिण्याच्या झोपड्यांकडे, वळतात. वनखात्याने बोलावलं तर जा, सेल्फीसाठी नको.

माझं ऐकाल तर वृद्धाश्रम घ्या. आमच्या युनिटातली एक मुलगी, डिचोलीकडची, अबोल, मराठी मीडियमची, कॉलेजात इंग्रजीला बिचकायची. तिला एका आश्रमात दर शनिवारी दुपारी पाठवायचो. तिथे एक आजी होत्या, डोळ्यांनी दिसत नव्हतं, त्यांना मराठी पेपर वाचून हवा असायचा. बातम्या नाहीत, फक्त निधनवार्ता. गाव, आडनाव, कोणाचा मुलगा, कोणाची सून, सगळं. ओळखीचं नाव आलं की आजी म्हणायच्या थांब, आणि मग त्या माणसाची अख्खी गोष्ट सांगायच्या, कुळागर (माडा-पोफळींची बाग) कोणाचं, भांडण कशावरून, लग्नात काय झालं. पलीकडच्या खाटेवर एक कॅथलिक आजोबा, ते रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोंकणीच वाचायचे, त्यांनी त्या नादात हिला रोमी वाचायला शिकवलं आणि हिने त्यांचा दयानंद सामाजिक सुरक्षेचा (गोवा सरकारच्या पेन्शन योजनेचा) हयातीचा दाखला भरून दिला, तो दरवर्षी द्यावा लागतो नाहीतर पेन्शन अडकते.

मध्ये परीक्षा आली, ही तीन शनिवार गेली नाही. चौथ्या शनिवारी गेली तर आजींनी उशीखालून पेपर काढले, तीन आठवड्यांचे, तारखेप्रमाणे लावून घेतलेले, वरचा कोपरा दुमडलेला. म्हणाल्या, जुन्यापासून सुरू कर. सिस्टरने मागितले तरी दिले नव्हते.

दादा, त्या मुलीचे १२० तास केव्हाच भरले होते. फॉर्मवर सही मी केली होती, ती शेवटपर्यंत जात राहिली ते माझ्या सहीसाठी नव्हे.

---

प्रेषक: टोरोंटोवाला दादा

मास्तर, कान पकडले. खुर्च्यांचं मागे घेतो. (पोराला आत्ता हा मेल फॉरवर्ड केला, त्याचा रिप्लाय आला: टीएल;डीआर, म्हणजे फार लांब, वाचलं नाही. मराठी वाचता येत नाही म्हणायला लाज वाटते म्हणून असं लिहितो.)

---

प्रेषक: पर्वरीकर

ताई, मास्तरांच्या मेलला एक पुरवणी. पहिल्यांदा जाताना आश्रमाच्या सिस्टरला फोन करून वार आणि वेळ ठरवून घ्यायला सांगा, न सांगता केक घेऊन वाढदिवस साजरा करायला येणाऱ्यांना त्या कंटाळलेल्या असतात. एकाच दुपारी तीन केक कापलेले मी पाहिलेत आणि खाणाऱ्यांतल्या निम्म्यांना डायबेटिस!

---

प्रेषक: मस्कतची ताई

सगळ्यांचे आभार. लेकीला मेल वाचून दाखवला फोनवर, ती म्हणाली एनएसएस घेते आणि शनिवार आश्रमाला, पण तिला मराठी पेपर भरभर वाचता येत नाही, इथे मस्कतला सीबीएसई झालीय ना. आईकडे सांगितलं तर आई म्हणाली रोज सकाळी मला वाचून दाखवू दे, मीही निधनवार्ताच वाचते. सासूबाईंनीही हरकत घेतली नाही, फक्त विचारलं की आश्रमात जेवायला देतात का.

एक राहिलंच, म्हापशाहून संध्याकाळी परतायचं कसं?

---

प्रेषक: म्हापशाचे मास्तर

शनिवारी गावाकडची शेवटची बस कधी हे स्टँडवर कंडक्टरलाच विचारायचं आणि त्याच्या आधीची पकडायची. शेवटची कधी कधी येतच नाही. पेपर वाचायचा सराव बसमध्ये होईल.