ब्राउझरमधलं कलेचं काम कलादालनात कसं मांडावं?

प्रश्न: माझ्या कामात पान उघडलं की आधी येऊन गेलेल्यांच्या कर्सरच्या पुसट रेघा तुमच्या कर्सरभोवती उमटतात. रात्री एकट्याने बघायचं काम आहे ते. मागच्या प्रदर्शनात भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवलं. शेजारी माउस होता, पण लोक व्हिडिओ समजून पुढे गेले. दिवसभरात फक्त एका लहान मुलीने माउस हलवला आणि चालणाऱ्या रेघेवर बोट ठेवलं. बाकी कुणी नाही. फार लागलं मनाला. काय बदलू?

उत्तर १: प्रोजेक्टर काढा. टेबल, खुर्ची, साधा मॉनिटर. खुर्ची दिसली की माणूस बसतो, बसला की हात माउसकडे जातो.

उत्तर २: खुर्चीचं पटतं, पण नेट तोडू नका. डॉक्युमेंटा या जर्मनीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनात १९९७ साली नेट आर्ट, म्हणजे इंटरनेटसाठीच केलेली कला, ऑफिससारख्या खोलीत, ऑफलाइन मांडलं होतं, आणि काही कलाकार त्यावर नाराज होते. तुमच्या कामाचा तर जीवच त्या रेघांत आहे. घरून कुणी पान उघडलं की दालनातल्या पडद्यावर त्याची रेघ त्याच क्षणी चालायला हवी. वायफायवर विसंबू नका, केबल टाका. पानाचा पत्ता भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे लोक घरी जाऊन पुन्हा उघडतील. राफाएल रोझेंडाल हा नेट कलाकार आपली कामं डोमेनसकट (म्हणजे वेबसाइटच्या नावासकट) वेबसाइट म्हणून विकतो, पण ती सगळ्यांना खुली ठेवायची अट करारातच असते. मला ते फार योग्य वाटतं.

प्रश्नकर्ता: केबलचं डोक्यातच आलं नव्हतं! आणि खुर्ची एकच ठेवते.