मदत हवी आहे : युद्धकैदी कप्तानाच्या मधल्या महिन्यांची नोंद कुठे मिळेल?

दुसऱ्या महायुद्धात जर्मन रेडर (व्यापारी जहाजाच्या वेशात फिरून शत्रूची व्यापारी जहाजं गाठणारी युद्धनौका) ‘अटलांटिस’ने ११ जुलै १९४० रोजी हिंदी महासागरात ‘सिटी ऑफ बगदाद’ बुडवलं. अशा जहाजांच्या कप्तानांचा कैदेतला प्रवास तारीखवार लावायचा आहे. लंडनच्या क्यूमधल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात बीटी ३७३ या क्रमांकाच्या दप्तरात जहाजांची आणि कैद्यांची कागदपत्रं आहेत. कप्तान नावावरून सापडतो. हिंदी खलाशांचं तसं होत नाही. एकच नाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, म्हणून आधी जहाजाचं नाव आणि बुडाल्याची तारीख धरावी लागते.

अडतं ते मध्येच. रेडरवर आणि पुरवठा जहाजावर कैदी असतानाचे महिने छावणीच्या कार्डावर दिसत नाहीत. जिनिव्हाच्या रेडक्रॉस कार्डावर पकडलेल्या जहाजाचं नाव असतं का? कुणी मिलाग नॉर्ड या, व्यापारी जहाजांवरच्या खलाशांसाठीच्या जर्मन कैदी छावणीचं कार्ड प्रत्यक्ष पाहिलं असेल, तर त्यावरचे रकाने कृपया क्रमाने लिहा.